मौनात बसणारी मंडळी : ख्रिस्ती ध्यानपरंपरा आणि आपला पालघर-बोईसर परिसर

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? घंटा, गायन, वेदीवरच्या मेणबत्त्या, धर्मगुरूंचं प्रवचन. आणि ध्यान म्हटलं की? इगतपुरी, विपश्यना, हिमालय, फार तर आळंदी. ही दोन चित्रं आपल्या डोक्यात इतकी वेगळी बसली आहेत, की ‘ध्यान करणारी ख्रिस्ती मंडळी’ असं नुसतं म्हटलं तरी ख्रिस्ती माणूस दचकतो आणि हिंदू माणूसही दचकतो. ख्रिस्ती माणसाला वाटतं, हे बाहेरचं काहीतरी आपल्या उपासनेत घुसवतायत. हिंदू माणसाला वाटतं, हे आमचंच उचलून आमच्याच माणसांना ओढायला निघालेत. दोघांचाही संशय खोटा नाही. म्हणून तो बाजूला न सारता आपण त्याच्यासकट बोलू.

मी आज तीन प्रश्न घेणार आहे. हे मौन मुळात कोणाचं? त्यात बसायचा अधिकार कोणाला? आणि त्याची राखण कोणी करायची? ज्या ज्या ख्रिस्ती मंडळींनी ध्यान आणि मोकळं मन या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळायचा प्रयत्न केला, त्यांना या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. आपल्या महाराष्ट्रात असे प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीपासून झालेले आहेत. आपल्याला ते फारसे ठाऊक नाहीत, एवढंच.

मौन कोणाचं?

सुरुवात इजिप्तच्या वाळवंटापासून करू. इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला. छळ संपला, मान मिळाला, चर्चमध्ये गर्दी झाली. तेव्हा काही स्त्री-पुरुषांना वाटलं, की आता यात राम उरला नाही. ते वाळवंटात गेले. चटया विणायच्या, थोडं खायचं, बाकी वेळ एकांतात प्रार्थना. त्यांच्या प्रार्थनेची पद्धत आपल्याला कळते ती जॉन कॅसियन नावाच्या एका संन्याशामुळे. तो इजिप्तमध्ये राहून आला आणि पुढे दक्षिण फ्रान्समध्ये स्थायिक झाला. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने हे सगळं लिहून काढलं. त्याचं म्हणणं साधं आहे. स्तोत्रसंहितेतली एक छोटी ओळ घ्या. उठता-बसता, कामात, झोपताना तीच मनात घोळवा. मन पळालं की परत त्या ओळीवर आणा.

आता मला सांगा, हे ऐकल्यावर वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कशाची आठवण होईल? नामस्मरणाचीच ना?

पुढे ग्रीक आणि रशियन चर्चमध्ये याचंच एक रूप रुजलं. येशूचं नाव घेऊन केलेली एका वाक्याची प्रार्थना, तीही श्वासाच्या लयीत. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका अनाम लेखकाने ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हे पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की एक अगदी छोटा शब्द धरून बसा आणि देवाविषयीच्या कल्पनाही सोडून द्या. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी तीस दिवसांच्या तपसाधनेचा क्रम बांधून दिला. तो छापून आला १५४८ मध्ये. त्यांची पद्धत वेगळी होती. शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा आणि आपणच त्यात जाऊन उभं राहायचं.

आणि गंमत बघा, हेच येशूसंघी आपल्या किनाऱ्यावर आले. वसईच्या किल्ल्यात त्यांचं कॉलेज आणि चर्च होतं, त्याचे अवशेष आजही उभे आहेत. वसईपासून तारापूर, डहाणूपर्यंतचा पट्टा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तो १७३९ पर्यंत. म्हणजे तीस दिवस मौनात बसलेली माणसं चारशे वर्षांपूर्वी या भागात वावरत होती. पण त्यांनी सामान्य लोकांना काय दिलं? जपमाळ दिली, सण दिले, मिस्सा दिली, गाणी दिली. मौन मात्र मठाच्या भिंतीआडच राहिलं. असं केवळ आपल्याकडे झालं नाही, युरोपातही तेच झालं. ध्यान हे साधू-साध्वींचं काम, संसारी माणसाने आपली जपमाळ ओढावी, अशी विभागणी होऊन बसली. हळूहळू चर्चला स्वतःच्याच घरातल्या या दालनाचा विसर पडला.

तो विसर कसा भंगला? जॉन मेन यांची गोष्ट सांगतो. जन्म १९२६ चा. १९५० च्या दशकात ते ब्रिटिश सरकारच्या नोकरीत मलायात होते. तिथे क्वालालंपूरला स्वामी सत्यानंद म्हणून एक भारतीय संन्यासी अनाथ मुलांसाठी काम करत होते. मेन त्यांच्याकडे सरकारी कामासाठी गेले आणि ध्यानाबद्दल विचारून बसले. स्वामींनी सांगितलं, की सकाळ-संध्याकाळ बसा, एकच शब्द मनात म्हणत राहा, आणि तुम्ही ख्रिस्ती आहात तर शब्दही ख्रिस्तीच घ्या. पुढे मेन बेनेडिक्टाइन मठात दाखल झाले. तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं, हे आपलं नाही, सोडून द्या. आज्ञा म्हणून त्यांनी सोडलं. बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्यांना दिसलं, की स्वामींनी जे शिकवलं होतं तेच इथे पंधराशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे! १९७५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सामान्य माणसांसाठी ध्यानगट सुरू केला. त्यातून पुढे जगभर गट निघाले. त्यांचा शब्द आहे ‘मारानाथा’. हा अरमाईक भाषेतला, म्हणजे खुद्द येशूच्या बोलीतला शब्द. अर्थ, ‘प्रभो, ये’.

शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलेलं बघून आपण आपली बुजलेली विहीर उपसायला घेतो ना, तसं हे झालं. पाणी आपल्याच विहिरीचं. पण उपसायची आठवण शेजाऱ्याने करून दिली, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. ख्रिस्ती मौन उसनं नाही. आणि ते एकट्या ख्रिस्ती लोकांचंही नाही.

बसायचा अधिकार कोणाला?

आता महाराष्ट्रात येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला शाळेतल्या कवितांमुळे माहीत असतात, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे तर फारच जवळचे वाटतात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मोठी नावाजलेली व्यक्ती, मिशनच्या कामात मानाचं स्थान. पण आयुष्याच्या अखेरीस त्यांना एक गोष्ट बोचत राहिली. ख्रिस्त या देशातल्या माणसाला परका का वाटतो? त्यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. मग इतरांना दुसऱ्याच पुलावरून का आणायचं?

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबाराची कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणारे सगळे यात येऊ शकत होते, बाप्तिस्मा घेतलेलेही आणि न घेतलेलेही. १९१७ साल आहे हे! ‘तू ख्रिस्ती झालास का?’ हा प्रश्न दाराशी विचारायचाच नाही, असं ठरवणं म्हणजे त्या काळात दोन्ही बाजूंचा राग ओढवून घेणं होतं. सनातनी म्हणणार, हा छुपा डाव आहे. मिशनवाले म्हणणार, मग मिशन कशाला चालवायचं? टिळकांना फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण प्रश्न मागे राहिला.

तो उचलला जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन धर्मगुरूने. त्यांनी टिळकांचं चरित्रही लिहिलं आहे. १९२२ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. सुरुवात अहमदनगर भागात, नंतर पुण्यात शिवाजीनगरला आश्रम. इंग्रज आणि भारतीय एकत्र राहणार, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेणार, खादी वापरणार, आणि ठरलेल्या वेळी प्रार्थना व मौन. साहेब आणि नेटिव्ह एका पंगतीत, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. पुढे आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून नाव झालेले व्हेरिअर एल्विन याच संघातून भारतात आले, आणि शामराव हिवाळे हे त्यांचे सहकारीही याच संघातले. दोघे मध्य प्रांतात गोंडांमध्ये जाऊन राहिले. गोंडांना ख्रिस्ती करण्याचा आग्रह एल्विन यांनी धरला नाही. चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचं बिनसलं आणि शेवटी त्यांनी धर्मगुरुपदच सोडलं. मोकळेपणाची किंमत मोजावी लागते, ती अशी.

पुढे संघात फाटाफूट झाली आणि आश्रम ओस पडला. पण १९७२ मध्ये तिथेच एक वेगळी गोष्ट घडली. अँग्लिकन धर्मभगिनी आणि कॅथलिक धर्मभगिनी एकाच आश्रमात एकत्र राहू लागल्या. नाव, ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम’. सुरुवातीच्या आचार्या वंदना माताजी या पारशी घरात जन्मलेल्या कॅथलिक साध्वी. नंतरच्या आचार्या सारा ग्रांट, मूळच्या स्कॉटलंडच्या. मुंबईच्या सोफिया कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आणि शंकराचार्यांवर संशोधन केलं. प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदांचंही वाचन होई. येणाऱ्याचा धर्म विचारला जात नसे.

इथे एक बारकावा आहे. कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चच्या नियमांनुसार एरवी दोघांना एका वेदीवर ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. म्हणजे एका छताखाली राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या या भगिनींच्या मध्ये उपासनेच्या सर्वात पवित्र क्षणी चारशे वर्षांची भिंत उभी. मौनात मात्र ती भिंत नाही. एकत्र गप्प बसायला कोणत्याही चर्चच्या कायद्याची परवानगी लागत नाही. भांडलेल्या भावंडांना एका खोलीत बसता येतं ते असंच, आधी काही न बोलता.

हे मी बोईसरमध्ये का सांगतोय? इथल्या ख्रिस्ती वस्तीकडे बघा. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली. वसई-पालघरकडचे मराठी कॅथलिक इथे होतेच. त्यात केरळचे सिरियन परंपरेचे, तमिळ, गोव्याचे कोकणी बोलणारे, झारखंडकडचे आदिवासी ख्रिस्ती, आपल्या जिल्ह्यातले वारली ख्रिस्ती, शिवाय प्रॉटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळी. भाषा वेगळी, गाणी वेगळी, उपासनेची रीत वेगळी. प्रवचन कोणत्या भाषेत द्यायचं यावरून वाद होणारच. वीस मिनिटांच्या मौनाला भाषांतर लागत नाही. कारखान्यांच्या गावाला याहून सोयीची उपासना कोणती?

राखण कोणाची?

तिसरा प्रश्न अवघड आहे. दार उघडं ठेवलं की आत काय काय येईल, याची चिंता घरच्या मोठ्यांना असतेच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचं घोषणापत्र काढलं. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय. दार अधिकृतपणे उघडलं ते तेव्हा. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले येशूसंघी फादर अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली, पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८ मध्ये त्यांचं ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक आलं. शरीरातल्या संवेदनांकडे बघा, आवाज ऐका, श्वास पाहा, मग प्रार्थनेकडे वळा, असे छोटे छोटे अभ्यास त्यात आहेत. एका बौद्ध शिबिरात तासन्‌तास श्वास पाहिल्याचा उल्लेखही ते मोकळेपणाने करतात. त्यांच्या शिबिरांना देशोदेशीचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी येत. २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं अचानक निधन झालं.

नंतर रोमहून दोन कागद आले. पहिला ऑक्टोबर १९८९ चा, ख्रिस्ती ध्यानाविषयी सर्व बिशपांना लिहिलेलं पत्र. त्याचा सारांश असा की इतर परंपरांतल्या पद्धती घ्यायला हरकत नाही, पण प्रार्थना म्हणजे देवाशी नातं, हे झाकोळता कामा नये. आणि श्वास-आसनातून येणारी शारीरिक शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याची कृपा, असा गैरसमज करून घेऊ नये. दुसरा कागद जून १९९८ चा, थेट डिमेलोंच्या लेखनाविषयी. त्यांची सुरुवातीची पुस्तकं मोलाची आहेत, पण नंतरच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असा त्याचा निर्वाळा. तेव्हा डिमेलो जाऊन अकरा वर्षं झाली होती. उत्तर द्यायला ते नव्हते. भारतातल्या पुष्कळ कॅथलिकांना हे लागलं.

पण यातून सरळ ‘रोम वाईट, आश्रम चांगला’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. १९८९ च्या पत्रातला इशारा कोणत्याही प्रामाणिक ध्यानगुरूला पटेल असाच आहे. बरं वाटणं म्हणजे देव भेटणं नव्हे, हे आपल्या संतांनीही निराळ्या शब्दांत सांगितलेलं आहे. आणि राखण करणारा कोणीच नसला की काय होतं? एखादा गोड बोलणारा माणूस गुरू होऊन बसतो, प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुझा अहंकार आडवा येतोय’ म्हणतो, आणि त्याला जाब विचारायला कोणी उरत नाही. असे बुवा कोणत्याही धर्मात निपजतात.

मला वाटतं, राखणीची उत्तम रीत आपल्या शेजारीच, वसईत दिसते. पालघर, बोईसर ज्यात येतात तो वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला. योगायोग बघा, वर्ष तेच. पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा पीएचडीचा विषय होता तुकारामांचा देवानुभव. नंतरचे फेलिक्स मच्याडो यांनी व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवादाच्या कार्यालयात काम केलं आणि ज्ञानेश्वरीवर ग्रंथ लिहिला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही माणसं चर्चच्या आतली, अधिकाराच्या जागेवरची. त्यांनी तुकोबा आणि माउलींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि ख्रिस्तावरची निष्ठाही सोडली नाही. शेजाऱ्याचं घर नीट पाहिलेला माणूसच सांगू शकतो, की कुठे दोन घरांची भिंत सामायिक आहे आणि कुठे नाही. ज्याने पाहिलंच नाही तो एक तर घाबरतो, नाही तर ‘सगळं एकच’ म्हणून मोकळा होतो.

प्रत्यक्षात काय करतात?

अशा गटात नेमकं होतं काय, हे थोडक्यात. दहा-पंधरा माणसं. खुर्चीवर बसा, नाही तर चटईवर. सुरुवातीला शुभवर्तमानातला लहानसा उतारा सावकाश दोनदा वाचतात. मग वीस मिनिटं मौन. पाठ ताठ, डोळे मिटलेले, मनात एक शब्द. ‘मारानाथा’, ‘येशू’, ‘बापा’, जो तुमचा असेल तो. विचार आला की भांडायचं नाही, शब्दाकडे परत यायचं. शेवटी एक छोटी प्रार्थना. नंतर चहा. बस.

फायदे काय होतील, हे मी मुद्दाम सांगत नाही. रक्तदाब उतरेल, नोकरीत बढती मिळेल, असं सांगून बोलावणारा गट दिसला तर सावध व्हा. आणि ज्यांना निराशेचा आजार आहे, ज्यांना भास होतात, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लांबलचक मौन काही जणांना सोसत नाही. औषधाच्या जागी ध्यान ठेवू नये.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : हा धर्मांतराचा छुपा मार्ग नाही, हे कशावरून?

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. चार खुणा सांगतो. पहिली, गट आपलं ख्रिस्तीपण पाटीवरच सांगतो का? नाव लपवणं हीच पहिली खोट. दुसरी, शाळेतला प्रवेश, नोकरी, दवाखाना, धान्य यातलं काही ध्यानाशी जोडलेलं आहे का? आपल्या जिल्ह्यात गरिबी आहे, आदिवासी पाडे आहेत. गरजू माणसाला मदत द्या, पण त्या मदतीच्या दोरीने त्याला प्रार्थनेला बांधू नका. तिसरी, तुम्ही यायचं बंद केलंत तर कोणी घरी येऊन तगादा लावतं का? आणि चौथी, गटाचा हिशेब आणि वागणूक तपासणारं कोणी वर आहे का? या चारही गोष्टी ठीक असतील तर तुम्ही जिथून आलात तिथेच राहून निर्धास्त बसू शकता.

प्रश्न : मी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं आहे. मग ख्रिस्ती ध्यानात वेगळं काय?

पालघरात विपश्यनेचं केंद्र आहे, तेव्हा हा प्रश्न इथे येणारच होता. बाहेरून बघितलं तर फारसा फरक दिसणार नाही. बैठक तीच, पाय दुखणंही तेच! आत मात्र फरक आहे आणि तो लपवू नये. विपश्यनेत तुम्ही संवेदना समतेने पाहता. तिथे नाव नाही, मूर्ती नाही, कोणाला हाक मारणं नाही. ख्रिस्ती ध्यानात शब्द गळून पडले तरी समोर कोणीतरी आहे आणि त्याचं आपल्यावर प्रेम आहे, ही श्रद्धा गळत नाही. दोन्हींचा आदर करता येतो. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं हा मात्र दोन्हींचा अनादर होईल.

प्रश्न : आमचे आजोबा दलित समाजातून ख्रिस्ती झाले. आश्रम, भगवी वस्त्रं, संस्कृत मंत्र हे सगळं बघितलं की आम्हाला परत त्याच उतरंडीत ढकलल्यासारखं वाटतं. हे कसलं मोकळं मन?

या आक्षेपाला ख्रिस्ती आश्रमांनी बराच काळ उत्तर दिलं नाही. ‘भारतीय’ म्हणजे वेदान्त, उपनिषदं, संस्कृत, असं त्यांनी धरून चालवलं. ज्यांना त्या ग्रंथांच्या जवळही येऊ दिलं नव्हतं, त्यांना तेच ‘आपलं’ म्हणून देणं, यात जखमेवर बोट ठेवणं होतं. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी हे स्पष्ट सांगितलं, आणि ते योग्यच आहे. म्हणून मला टिळकांची निवड जास्त शहाणपणाची वाटते. त्यांनी पूल निवडला तो तुकोबांचा, अभंगाचा, लोकभाषेचा. तरीही कोणाला तेही नको असेल तर त्याच्यावर लादू नये. मौनात बसायला मंत्र लागत नाही, वस्त्र लागत नाही. वारली माणूस वारलीत ‘बापा’ म्हणू दे, मल्याळी माणूस मल्याळममध्ये म्हणू दे.

प्रश्न : मी कंपनीत रात्रपाळी करतो. डोळे मिटले की झोपच लागते. मग काय उपयोग?

(हशा) वाळवंटातल्या त्या संन्याशांमध्ये पोइमेन नावाचे एक ज्येष्ठ होते. त्यांना काही जणांनी विचारलं, की प्रार्थनेच्या वेळी एखादा बंधू डुलक्या घेताना दिसला तर त्याला हलवून जागं करावं का? ते म्हणाले, की मी तर त्याचं डोकं माझ्या मांडीवर घेतो आणि त्याला विश्रांती घेऊ देतो.

तेव्हा तुम्ही आधी झोप पुरी करा. पाळी बदलली, अंग हलकं वाटलं की मग या. आणि आल्यावरही डुलकी लागली तर शेजारी बसलेला माणूस तुमच्याकडे कसा बघतो, तेवढं बघून ठेवा. ती मंडळी खरोखर ध्यान करतात की नाही, ते तुम्हाला तेवढ्यावरून कळेल.